फुटकी बशी आणि योशिमासाची गोष्ट



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. तीन महिने लेकीकडे तोक्योला जाऊन आले. "प्रवासवर्णन लिही" असं दोघीतिघींनी सुचवलं, पण फुजीचा डोंगर आणि साकुराची फुलं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते किन्त्सुगीवर. किन म्हणजे सोनं आणि त्सुगी म्हणजे सांधणं. फुटलेलं चिनी मातीचं किंवा मातीचं भांडं सोन्याची रेघ दिसेल अशा रीतीने सांधायची ही जपानी कला. तिथे मी ती थोडीफार शिकले. थोडीफारच, कारण व्हिसा नव्वद दिवसांचा होता आणि ही कला नव्वद दिवसांत आटपत नाही. ते पुढे येईलच.

किन्त्सुगी हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो ढकलपत्रातून. हे गेले तेव्हाची गोष्ट. पहिल्या दोन महिन्यांत एकच संदेश मला सात वेळा आला. काळ्या वाटीवर सोनेरी रेघा, आणि खाली मजकूर असा की जपानी लोक फुटकं भांडं टाकून देत नाहीत, सोन्याने सांधतात, मग ते आधीपेक्षा सुंदर होतं, तसंच माणसाच्या मनाचंही असतं, वगैरे. हे वाचणाऱ्यांपैकी तिघांनी तरी तो पाठवला होता, नावं घेत नाही. राग अजिबात नाही बरं का. अशा वेळी काय बोलावं ते कुणालाच कळत नाही, चित्र पाठवणं सोपं असतं. पण सातव्या वेळेला मला वाटलं, अरे, हे सांधतं कोण? किती दिवस लागतात? आणि सोन्याने माती चिकटते तरी कशी?

चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नववीच्या वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर तीन प्रश्न लिहायची. कोणी सांगितलं? कधी सांगितलं? सांगणारा तिथे होता का? मुलं कंटाळायची, पण वर्षभर ते प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात राहायचे. ढकलपत्रालाही तेच तीन प्रश्न विचारायचे ठरवले.

संदेशाबरोबर बहुतेक वेळा एक गोष्ट जोडलेली असते. पंधराव्या शतकात आशिकागा योशिमासा नावाचा शोगुन होऊन गेला (१४३६–१४९०). शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष कारभार हाकणारा सेनापती. आपल्याकडे छत्रपती आणि पेशवे म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, साधारण तसं. राज्यकारभारात हा योशिमासा अगदीच कच्चा. त्याच्या कारकिर्दीत १४६७ पासून दहा वर्षं ओनिनचं युद्ध चाललं आणि क्योतो शहर जळून गेलं. पण कलांचा षौकीन. क्योतोचा तो प्रसिद्ध 'रुपेरी मंडप' त्याचाच. तर या योशिमासाची आवडती चहाची वाटी तडकली. त्याने ती दुरुस्तीला चीनमध्ये पाठवली. तिथल्या कारागिरांनी लोखंडी टाके मारून परत पाठवली. ते ओबडधोबड टाके पाहून शोगुन नाराज झाला, आणि मग जपानी कारागिरांनी काहीतरी देखणं शोधून काढायचं म्हणून सोन्याचा सांधा शोधला. झाला किन्त्सुगीचा जन्म.

छान गोष्ट आहे. अडचण एवढीच, की ती वाटी अजून आहे! आणि तिच्यावर ते लोखंडी टाकेही आहेत.

तोक्योच्या उएनो भागात राष्ट्रीय संग्रहालय आहे, ही वाटी त्यांच्या संग्रहात आहे. नाव बाकोहान. चीनमधल्या लाँगच्वान इथल्या भट्टीतली, फिकट निळसर हिरव्या झिलईची, कडेला फुलाच्या पाकळ्यांसारख्या खाचा असलेली. ती कायम मांडलेली नसते, मी गेले तेव्हा नव्हती, त्यामुळे फोटोवरच समाधान मानलं. फोटोत बुडाजवळ ते टाके स्पष्ट दिसतात. मोठे टोळ बसावेत तसे दिसतात म्हणून तर तिचं नाव बाकोहान पडलं. म्हणजे ज्या टाक्यांमुळे शोगुन नाराज झाला म्हणतात, त्या टाक्यांवरूनच वाटीचं बारसं झालं, आणि पुढे श्रीमंत घराण्यांनी ती टाक्यांसकट जपली. आज ती जपानची महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून जाहीर झालेली आहे. सोन्याचा तिच्यावर कणही नाही.

ही गोष्ट लिहून ठेवली इतो तोगाइ नावाच्या क्योतोच्या पंडिताने, १७२७ साली. योशिमासाला जाऊन तेव्हा सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली होती. आणि तोगाइने काय लिहिलंय? तर वाटी तडकली म्हणून योशिमासाने ती चीनला पाठवून तशीच दुसरी मागितली, पण मिंग राजवटीच्या त्या काळात तिच्या तोडीची वाटी घडवणं जमेना, म्हणून जुनीलाच टाके घालून परत पाठवली. म्हणजे तोगाइच्या हकिगतीत ते टाके वाटीचं महत्त्व वाढवतात. "पुन्हा होणे नाही" असा चीनचा दाखलाच तो! सोन्याचा शोध, नाराजी, स्पर्धा हे सगळं मागाहून कुणीतरी चिकटवलेलं.

आणखी एक गंमत. तोगाइच्या म्हणण्याप्रमाणे ही वाटी आधी ताइरा नो शिगेमोरी या सरदाराला चीनमधल्या एका मठाकडून भेट म्हणून आली होती. शिगेमोरी वारला ११७९ मध्ये. संग्रहालय मात्र वाटीचा काळ तेरावं शतक असा देतं. आता भेट आधी आणि वाटी नंतर, हे कसं जमायचं? आमच्या नववीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीने हात वर करून हे विचारलं असतं तर मी तिला पूर्ण गुण दिले असते.

मग किन्त्सुगी आली कुठून? एका दिवशी एका शोगुनच्या रुसव्यातून ती आलेली नाही, एवढं नक्की. तिचे दोन धागे निरनिराळे आहेत आणि दोन्ही शोगुनपेक्षा जुने. पहिला धागा डिंकाचा. जपानात उरुशी नावाचं झाड आहे, त्याच्या चिकाने भांडी सांधायची रीत अश्मयुगीन जोमोन काळापासूनची. तशी सांधलेली मातीची भांडी उत्खननांत निघाली आहेत. दुसरा धागा सोन्याचा. ओल्या उरुशीवर सोन्याची पूड भुरभुरून नक्षी काढायची, याला माकी-ए म्हणतात. हेआन काळात, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, ही कला भरात होती. दागिन्यांच्या पेट्या, पोथ्यांच्या पेट्या, खोगिरं सगळ्यावर ही नक्षी. ज्या कारागिराच्या एका हाताशी सांधायचा चीक आणि दुसऱ्या हाताशी सोन्याची पूड, त्याला सांध्यावर सोनं भुरभुरावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. त्यासाठी शोगुन कशाला हवा?

पण कारागिराला वाटून उपयोग नाही, मालकालाही तसं हवं असलं पाहिजे. सांधा लपवायच्या ऐवजी उठून दिसावा असं मालकाला वाटू लागलं ते चहाच्या दुनियेत, सोळाव्या-सतराव्या शतकात. मुराता जुको, ताकेनो जोओ आणि मग सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी चहापानाचा जो विधी घडवला त्यात झगमगीत चिनी भांड्यांपेक्षा साधी, खडबडीत, वापरून जुनी झालेली भांडी मोलाची ठरली.

याचा त्या काळातलाच, प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा पुरावा मिळतो, आणि तो मिळतो गोव्याहून गेलेल्या माणसाकडून. लुइस फ्रोइस हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री १५४८ मध्ये सोळा वर्षांचा असताना गोव्यात आला. तिथेच शिकला, १५६१ मध्ये तिथेच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली, आणि १५६३ मध्ये तो जपानला पोचला. उरलेलं आयुष्य बहुतेक तिकडेच काढून १५९७ मध्ये नागासाकीत वारला. त्याने १५८५ साली एक छोटंसं टिपण लिहिलं. आम्ही युरोपातले असं करतो, जपानी लोक त्याच्या उलट करतात, अशा सहाशेहून जास्त जोड्या त्यात आहेत. त्यातली एक अशी, की आम्ही हिरेमाणकं आणि सोन्याचांदीच्या वस्तू खजिना म्हणून जपतो, तर हे लोक जुन्या किटल्या, जुनी फुटकी चिनी मातीची भांडी आणि मातीचे घट जपतात. (हे हस्तलिखित विसाव्या शतकात माद्रिदला सापडलं, तोवर कुणाला पत्ताही नव्हता.) माझे तिन्ही प्रश्न इथे सुटतात. कोणी सांगितलं ते ठाऊक, कधी तेही ठाऊक, आणि सांगणारा तिथे होता. पाद्रीबोवांचा सूर चकित झालेला आहे. फुटकं भांडं खजिन्यात! पण बघा, तोही सोन्याच्या सांध्याबद्दल काही बोलत नाही. फुटकं जपायचं ही गोष्टच त्याला एवढी नवलाची वाटली.

रिक्यूच्या नावावर एक गोष्ट सांगतात, ती १७०१ साली छापलेल्या पुस्तकातली, म्हणजे उशिराचीच. तरी सांगते, कारण ती खोटी असली तरी ज्यांनी ती सांगितली त्यांच्या मनातलं कळतं. एका गृहस्थाकडे चहाची पूड ठेवायची 'उन्झान' नावाची छोटी बरणी होती. मोठ्या हौसेने त्याने रिक्यूला बोलावून ती दाखवली. रिक्यूने ढुंकून पाहिलं नाही. पाहुणे गेल्यावर गृहस्थाने चिडून बरणी आपटली. मित्रांनी तुकडे गोळा करून सांधले, आणि पुढे पुन्हा रिक्यूला बोलावलं तेव्हा तीच बरणी मांडली. आता मात्र रिक्यू खूश! पुढे ती बरणी एका सरदाराने भरपूर पैसे मोजून घेतली. सांधे नीट जुळलेले नव्हते म्हणून त्याने कोबोरी एन्शू या जाणकाराला विचारलं, की सोडवून पुन्हा नीट बसवून घेऊ का? एन्शू म्हणाला, सांधे वाकडे आहेत म्हणूनच रिक्यूला आवडली, आहे तशी राहू दे.

पुस्तकी गोष्टींपेक्षा भांडी स्वतः जास्त भरवशाची. हॉनामी कोएत्सू (१५५८–१६३७) या हरहुन्नरी कलावंताने हाताने घडवलेली 'सेप्पो' नावाची वाटी तोक्योच्या हाताकेयामा संग्रहालयात आहे. सेप्पो म्हणजे बर्फाळ शिखर. तांबूस अंगावर वरून पांढरी झिलई उतरलेली, आणि कडेपासून खालपर्यंत मोठ्या भेगा. ही वाटी पडून फुटलेली नाही, ती भट्टीतच तडकली. दुसरा कुंभार असता तर त्याने ती उकिरड्यावर टाकली असती. कोएत्सूच्या वाटीच्या भेगा सोन्याने भरल्या गेल्या.

आणि याच्या दुसऱ्या टोकाला फुरुता ओरिबे. रिक्यूचा शिष्य, लढवय्या सरदार. त्याच्याकडे कोरियातून आलेली एक मोठी वाटी होती, ती त्याला आकाराने जास्त वाटली. परंपरा सांगते की त्याने ती अधिकच्या खुणेसारखी चार तुकड्यांत कापली, थोडी लहान केली आणि पुन्हा सांधून घेतली. ती 'जुमोन्जी', म्हणजे फुलीची वाटी, मित्सुई संग्रहालयात आहे. मला खरं सांगायचं तर हे पटलं नाही. फुटलेलं सांधणं वेगळं, आणि सांधायची हौस म्हणून धडधाकट भांड्याला कापणं वेगळं. सांधलेल्या भांड्याला भाव चढू लागल्यावर मुद्दाम भांडी फोडल्याचे आरोपही त्या काळी झाले. माणसं सगळीकडे सारखीच.

आता शिकण्याकडे येते. माझ्याकडे सांधायला होती एक बशी. ह्यांना चहा बशीतूनच लागायचा. कप मी अर्धा भरायची, हे तो बशीत ओतायचे, फुंकर मारायचे आणि आवाज करत प्यायचे. निळ्या काठाचा कप आणि बशी, आमच्या लग्नातल्या आहेरातला शेवटचा जोड. गेल्या दिवाळीत मांजराने फळीवरून पाडला. कप वाचला, बशीचे तीन तुकडे आणि काठाचा एक टवका नाहीसा. आपल्याकडे फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणतात. मी रुमालात बांधून ठेवलं होतं. लेकीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, आई, येताना घेऊन ये, इथे शिकवतात.

आठवड्यातून एकदा, एका घराच्या माळ्यावर सहा-सात जणांचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई साठीच्या. पहिले दोन तास लेक दुभाष्या म्हणून बसली, नंतर गरज पडली नाही. हाताची कामं पाहून कळतात.

पहिल्याच दिवशी बाईंनी हातमोजे घालायला लावले आणि उरुशीची नळी दाखवली. तपकिरी, दाट, वास थोडा आंबूस. ही अंगाला लागली की पुरळ येतो, खाज येते, सूज येते. लेक भाषांतर करायला लागली तोवर मी म्हटलं, कळलं, बिब्बा उततो तसं! नंतर घरी येऊन वाचलं तर खरंच, उरुशी आणि बिब्बा एकाच कुळातले. आंबा आणि काजूही त्यातलेच. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की जे होतं, काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कोकणातल्या बायकांचं जे होतं, त्याचंच हे थोरलं भावंड. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे, ती कधीच जात नसे. उरुशीही अशीच, एकदा घट्ट झाली की निघत नाही, आणि मग ती अंगाला बाधतही नाही. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला रंग उरुशीला स्वस्त पर्याय म्हणून जपानात वापरतात, तर असं हे जवळचं नातं. आपल्याकडे चांगल्या कामात मोडता घातला की 'बिब्बा घातला' म्हणतात, आणि तिकडे त्याच गोतावळ्यातला चीक सांधायच्या कामाला! दुसऱ्या आठवड्यात मोज्याच्या वर, मनगटावर, मलाही उतलंच. आठ दिवस खाजवत होते.

(इंग्रजीत या प्रकाराला लॅकर म्हणतात, तो शब्द आपल्या लाखेवरून, पोर्तुगीजांच्या मार्फत गेलेला. पण आपली लाख किड्यापासून मिळते, उरुशी झाडाच्या चिकापासून. नाव एक, वस्तू दोन.)

मग बाईंनी कणीक काढली. हो, गव्हाचं पीठ! पाण्यात घट्ट मळायचं आणि त्यात कच्ची उरुशी घालून पुन्हा मळायचं, तार सुटेपर्यंत. लहानपणी पतंगाला आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांना आपण खळ लावायचो, तिचीच ही मोठी बहीण. कणीक मळायला मला शिकवावं लागलं नाही, वर्गात तेवढ्यापुरता माझा पहिला नंबर. ती तुकड्यांच्या कडांना पातळ लावून तुकडे दाबून बसवायचे आणि चिकटपट्टी लावून ठेवायचे.

ठेवायचे कुठे? तर उन्हात नाही, वाऱ्यावर नाही. दमट पेटीत. ओला फडका घातलेल्या झाकणाच्या खोक्यात, आंबे अढीत घालतो तसं. उरुशी पाणी उडून वाळत नाही. तिच्यात एक पाचक द्रव्य असतं, ते हवेतला प्राणवायू घेऊन चिकाला घट्ट करतं, आणि त्या कामाला ऊब आणि ओल लागते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जपानात पाऊस लागतो, कपडे वाळत नाहीत, सगळे वैतागलेले असतात, त्या दिवसांत उरुशीचं काम उत्तम होतं. हे द्रव्य हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ओळखलं. कारागिरांना ते न ओळखता हजारो वर्षं ठाऊक होतंच.

पेटीत दोन आठवडे. मग बाहेर आलेली उरुशी खरवडायची. मग बारीक दगडी माती पाण्यात कालवून, त्यात उरुशी घालून त्याने खाचा भरायच्या. टवका उडालेला असेल तर तिथे लाकडाचा भुसा घातलेला लगदा थोडा थोडा करून, थरावर थर. प्रत्येक थर पुन्हा पेटीत. मग घासायचं. मग काळी उरुशी, पेटीत, घासायचं, पुन्हा काळी. घासताना बोटाने चाचपत राहायचं, कारण डोळ्याला सपाट वाटलं तरी बोटाला उंचवटा कळतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे माझे डोळे आणि सत्तरीतली बोटं, दोघांचीही परीक्षा.

आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, सांध्यावर तांबडी उरुशी केसासारखी बारीक ओढायची, ती अर्धवट चिकट झाली की तिच्यावर सोन्याची पूड हलक्या हाताने भुरभुरायची. घट्ट झाली की पुन्हा पातळ उरुशीचा हात आणि मग घोटाई. घोटायला अकीक वापरतात, किंवा ताइ नावाच्या माशाचा दात. सोनं इतकं थोडं लागतं की चिमटीत मावणार नाही. आणि ते काहीच सांधत नाही! तुकडे धरून ठेवते ती कणीक आणि तो खाजरा चीक. सोन्याच्या आधीच भांडं पाणी धरायला लागलेलं असतं. सातही संदेशांत ही गोष्ट कुणी लिहिलेली नव्हती.

संग्रहालयांतून फिरताना एक मात्र खटकत राहिलं. वाटी कुणाची होती ते लिहिलेलं असतं. योशिमासाची, ओरिबेची, अमक्या घराण्याची. घडवणारा कोएत्सूसारखा नामांकित असेल तर त्याचंही नाव असतं. सांधणाऱ्याचं नाव मला एकाही पाटीवर दिसलं नाही. बाकोहानला टाके घालणारा तो चिनी कारागीरही निनावीच. इतक्या पातळ भांड्याला आरपार न जाता भोक पाडून टाका बसवायचा म्हणजे चेष्टा नव्हे. आपल्या गल्लीत यायचा तो कल्हईवाला, डाग देणारा, पाट्याला टाकी लावणारी, यांची नावं आपल्यापैकी किती जणांना आठवतात? मलाही आठवत नाहीत, आणि दर महिन्याला येत होते ते.

चीक काढणाऱ्यांचंही तसंच. जपानात आता वापरली जाणारी बहुतेक उरुशी चीनमधून येते. देशी उरुशीचा मोठा वाटा उत्तरेकडच्या इवाते प्रांतातल्या जोबोजी गावच्या परिसरातून येतो. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जूनपासून पानगळीपर्यंत त्याला आडव्या चिरा देत चीक गोळा करायचा. एका झाडापासून सगळ्या हंगामात मिळून साधारण दोनशे ग्रॅम, म्हणजे चहाचा एक कप. मग झाड तोडून टाकतात. मधे ही विद्या बुडायला आली होती. २०१८ पासून राष्ट्रीय ठेव मानलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीला देशी उरुशीच वापरायची असं सरकारने ठरवलं, आणि २०२० मध्ये जपानी लाकडी वास्तू जपण्याच्या ज्या कौशल्यांना युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं त्यांत उरुशी काढण्याचंही आहे. बाई म्हणाल्या, नळी शेवटपर्यंत पिळून काढा, टाकू नका. त्या कंजूष आहेत असं एक तरुण मुलगी कुजबुजली. मला दोनशे ग्रॅमचा हिशेब कळल्यावर मी नळी कापून आतली पुसून घ्यायला लागले.

किन्त्सुगी आता जगभर पोचली आहे ती मात्र वस्तूपेक्षा उपमा म्हणून. ५ सप्टेंबर २०२१ रोजी तोक्यो पॅरालिंपिकच्या समारोपाच्या भाषणात अँड्र्यू पार्सन्स यांनीही किन्त्सुगीचा दाखला दिला होता. ज्यांचे हातपाय गेले आणि तरीही जे धावले, पोहले, त्यांच्यासमोर तो शोभला. त्यांनी त्या पेटीतले दिवस काढलेले होते. पण दहाव्या-बाराव्या दिवशी कुणाला सोन्याची रेघ दाखवू नये, असं माझं आपलं मत. तेव्हा तुकडे अजून गोळा व्हायचे असतात. त्या दिवसांत मला जी कामाला आली ती माझी धाकटी जाऊ. रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता भाजी निवडून जायची. तिला व्हॉट्सअ‍ॅप येत नाही.

बशीचं काय झालं ते सांगते. नव्वद दिवसांत काळी उरुशी दोन हात झाली आणि परतीचं तिकीट आलं. सोनं राहिलं. बाईंना वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला या. मग त्यांनी त्यांचा रोजचा भाताचा वाडगा आणून दाखवला. त्याच्यावरही काळीच रेघ. रोजच्या वापरातली भांडी अशी नुसत्या उरुशीने सांधायची, सोन्यावाचून, हीही जुनीच रीत आहे. किंवा भांड्याच्याच रंगाची उरुशी करून सांधा दिसणार नाही असाही करतात. सोन्याचेच फोटो निघतात म्हणून आपल्याला तेवढेच ठाऊक. आमच्या बशीवर आता निळ्या काठातून तीन काळ्या रेघा आत येतात आणि एका ठिकाणी मिळतात. टवक्याच्या जागी बोटभर काळा ठिपका आहे. लेक म्हणते, पुढच्या वर्षी सोनं लावून घेऊ. बघू. सध्या मी तिच्यात चहा पिते. आवाज न करता.

जाता जाता एक सूचना, कारण दोन भाच्यांनी लगेच विचारलं. बाजारात 'किन्त्सुगी संच' म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात बहुतेक वेळा एपॉक्सी आणि पितळेची पूड असते. शोभेच्या फुलदाणीला ते चालेल, खाण्यापिण्याच्या भांड्याला वापरू नका. आणि खऱ्या उरुशीने सांधलेलं भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही, काथ्याने घासायचं नाही, मऊ फडक्याने धुवायचं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी बशी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "बाई, फेविक्विक का नाही लावलं?"